धरणारा माणूस

देवणीच्या ढोरांच्या दवाखान्यात सिद्धराम परिचर म्हणून लागला तेव्हा त्याला नुकतंच मिसरूड फुटलं होतं. कागदावर त्याचं काम झाडलोट करणं, औषधांचे खोके उतरवणं, केसपेपर फाडून देणं असं होतं. पण तालुक्यात तो ओळखला जातो तो जनावर धरणारा म्हणून. जनावर अडकवायच्या खोड्यात न शिरणारा वळू असो, शिंग सडलेला बैल असो, की पहिल्यांदाच व्यालेली, कासेला हात लावू न देणारी गाय असो, डॉक्टर आधी विचारतात की सिद्राम कुठं आहे. तो येतो, दोन बोटं जनावराच्या नाकपुड्यांत घालतो, दुसरा हात शिंगाच्या बुडाशी ठेवतो आणि कानाशी काहीतरी पुटपुटत राहतो. काय पुटपुटतो ते कुणाला नीट ऐकू आलेलं नाही. त्याची बायको मंजुषा सांगते की घरी पोराला झोपवतानाही ते हेच पुटपुटायचे, आणि त्यात शब्द असे काही नसतातच.

उंचीनं तो बेताचा आणि अंगानं सडपातळ. नवखा शेतकरी त्याच्याकडं बघून मनात म्हणत असेल की हा काय बैल धरणार. पण त्याचं म्हणणं असं की आपण जोर लावला की जनावर दुप्पट जोर लावतं. हा सोडणार नाही आणि मारणारही नाही, एवढं त्याला कळलं पाहिजे, मग ते उभं राहतं. दुखणाऱ्या जिवाच्या अगदी जवळ उभं राहायचं, ते कधी उसळणार हे त्याच्या कातडीच्या थरथरीवरून ओळखायचं, आणि टाके पडले की हळूच सुटं करून बाजूला व्हायचं, यात त्याची उमेदीची वर्षं गेली. एक गोष्ट मात्र त्याला कायम खुपायची. सुई टोचणारा डॉक्टर जनावराच्या लक्षात राहत नाही, धरणारा राहतो. बरे होऊन गेलेले बैल पुढं बाजारात दिसले की त्याला बघून कान मागं घ्यायचे. हे तो हसत सांगायचा, पण फार वेळा सांगायचा.

शिवांश त्याला उशिरा झाला. लग्नाला बरीच वर्षं लोटली होती. मंजुषानं बारशाला, डोहाळजेवणाला जाणं सोडून दिलं होतं. सिद्धरामच्या आईनं, रत्नम्मानं, आसपासच्या सगळ्या देवांना नवस बोलून झाले होते. घरात तिला सगळे अव्वा म्हणतात. त्या सगळ्या वाट पाहण्यानंतर आलेलं हे पोर किडकिडीत, मोठ्या डोळ्यांचं आणि आवाजानं खणखणीत निघालं. सिद्धराम कामावरून आला की अंगाला येणारा औषधाचा आणि शेणाचा वास धुतल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. मग जेवण होईपर्यंत पोर त्याच्या खांद्यावरच असायचं.

शिवांशला दोन वर्षं होऊन थोडेच दिवस झाले असतील. अव्वा न्हाणीत त्याला अंघोळ घालत होती. डोळ्यांत साबण गेला म्हणून तो कळवळून रडला आणि उजव्या जांघेत लिंबाएवढा फुगवटा वर आला. अव्वानं पोर तसंच ओलं उचलून बाहेर आणलं. मंजुषानं पदरात घेऊन त्याला उगी केलं, तसा तो फुगवटा आपोआप आत गेला. दोघीही त्या जागेकडं बघत बसल्या. तिथं आता काहीच नव्हतं.

देवणीच्या डॉक्टरांनी हात लावून पाहिलं आणि लातूरला लहान मुलांच्या सर्जनकडं पाठवलं. त्यांचं नाव अमरनाथ. सावकाश बोलणारे, बोलताना पोराच्या पायाचा अंगठा हातात धरून ठेवणारे. त्यांनी सांगितलं की हा हर्निया आहे. पोटातून जांघेत उतरणारी एक बारीक वाट जन्माआधी बंद व्हायला हवी होती, ती उघडी राहिली आहे. रडलं, कुंथलं की त्या वाटेनं आतडं खाली उतरतं. यावर औषध नाही. ऑपरेशन करावं लागेल, पण ते लहानसं, अर्ध्या तासाचं काम आहे. फार दिवस घालवू नका, आणि तोवर शक्यतो त्याला जास्त रडू देऊ नका, असं ते म्हणाले. गाठ कडक झाली, आत जाईना झाली, उलट्या व्हायला लागल्या, तर घड्याळ न बघता निघून या, हेही त्यांनी दोनदा सांगितलं.

मंजुषा म्हणत होती की लगेच उरकून टाकू. पण ठरलेल्या तारखेला शिवांशला खोकला होता, आणि खोकला असताना भूल देता येत नाही म्हणून तारीख गेली. पुढच्या वेळी ताप आला. त्यानंतर अव्वानं हट्ट धरला. एवढ्याशा जिवाला सुरी लावायची नाही, असं म्हणत ती एरंडाची पानं गरम करून जांघेवर बांधायला लागली. सिद्धराम तिला अडवायचा नाही. त्यालाही आतून तेच हवं होतं की ते पानानं व्हावं. रोज सुऱ्या, सुया, टाके बघणारा माणूस, पण पोराच्या बाबतीत तो विषय निघाला की उठून बाहेर जायचा.

या सगळ्या दिवसांत घरानं एकच नियम पाळला. शिवांशला रडू द्यायचं नाही. डॉक्टर म्हणाले होते शक्यतो, पण घरानं तो शब्द सोडून दिला. केस कापताना तो रडतो म्हणून केस वाढले, खांद्यापर्यंत आले. शेजारच्या पोरांची खेळणी मंजुषा उसनी आणायची आणि परत करायच्या आधी तसलंच नवीन आणून ठेवायची. मोबाईल मागितला की मोबाईल, गुळाचा खडा मागितला की गुळाचा खडा. पोरं फार लवकर शिकतात. शिवांशला नीट बोलता यायला लागलं तसं त्यानं एक वाक्य पकडलं. काही हवं असलं की तो ओठ काढायचा आणि शांतपणे विचारायचा, "रडू का?"

लगेच घर हलायचं. पाहुणे हसायचे, पण घरातलं कुणी हसायचं नाही.

असं वर्षभर चाललं. मग एका दुपारी दवाखान्यात शिंगाचं ऑपरेशन चालू होतं. बैल खाली पाडलेला, सिद्धराम गुडघा टेकून त्याचं डोकं धरून बसलेला. त्याच्या खिशातला फोन वाजला, थांबला, पुन्हा वाजला. घरून असणार हे त्याला कळलं, कारण एवढ्या वेळा लागोपाठ दुसरं कुणी लावत नाही. पण डॉक्टरांचा हात शिंगाच्या मुळाशी होता आणि डोकं सोडलं असतं तर दोघांपैकी कुणाला तरी लागलं असतं. तो तसाच बसून राहिला. फोन मांडीशी थरथरत होता. टाके संपल्यावर तो हातही न धुता मोटारसायकलवर बसला.

घरी पोहोचला तेव्हा शिवांश खाटेवर झोपला होता आणि त्याच्या कमरेखाली उशी होती. मंजुषा भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. गाठ आली होती, लाल होऊन कडक झाली होती, पोर दोनदा ओकलं होतं. तिनं डॉक्टरांनी तेव्हाच सांगून ठेवलं होतं तसं त्याला निजवून, कमरेखाली उशी देऊन शांत केलं, आणि ती बघत असतानाच गाठ हळूहळू मऊ होऊन आत गेली. हे सांगताना तिचा आवाज अगदी सपाट होता. अव्वा कोपऱ्यात विभूतीची डबी हातात घेऊन बसली होती आणि एरंडाचं नाव काढत नव्हती.

"आता पुरं," मंजुषा म्हणाली. "मला हे आणखी एकदा बघायचं न्हाई. तुमी येता का मी एकटी नेऊ?"

सिद्धरामनं तिथंच उभं राहून लातूरला फोन लावला. डॉक्टरांनी त्याच दिवशी आणायला सांगितलं. त्यांनी पोराला तपासून ठेवून घेतलं असतं, पण गाठ पूर्ण आत गेली होती, पोट मऊ होतं आणि पोर खेळत होतं. तेव्हा सूज उतरू द्यावी म्हणून दोन दिवसांनंतरची सकाळ ठरली, आणि तोवर लातूर सोडायचं नाही असं बजावलं गेलं. मंजुषाचा भाऊ रुद्रेश लातूरला डाळमिलमध्ये कामाला आहे. तिघं त्याच्या खोलीवर राहिली, मागून अव्वाही आली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी रिक्षानं निघाले तेव्हा रस्त्यावर क्लासला जाणाऱ्या पोरापोरींची गर्दी होती. पाठीवर दप्तरं, हातात पोह्यांचे कागद. शिवांश वळून वळून त्या पोह्यांकडं बघत होता. त्याला पहाटेपासून काही दिलं नव्हतं, पाणीसुद्धा नाही. भूल देणाऱ्या मॅडमनी आदल्या दिवशी समोर बसवून सांगितलं होतं की पोटात काही असलं आणि भुलेत ते वर आलं तर श्वासात जातं, म्हणून एक घोटही नको.

नऊचा सुमार ठरला होता. पण त्याआधी उदगीरहून एक तान्हं बाळ आलं, पोट फुगलेलं, अंग निळसर पडलेलं. त्याला आत घेतलं. सिस्टरनं बाहेर येऊन सांगितलं की तुमचा नंबर आता नंतर. त्या बाळाची आई वयानं पोरसवदा होती आणि जमिनीवरच बसली होती. तिच्याकडं बघून सिद्धरामला तक्रार करायला तोंडच राहिलं नाही.

वेळ जात राहिला. शिवांशनं आधी बिस्किट मागितलं. मग दूध. मग नुसतं पाणी. वॉर्डातल्या दुसऱ्या खाटेवरची एक मुलगी स्टीलच्या पेल्यातून पाणी पीत होती. मंजुषानं त्याचं तोंड आपल्याकडं वळवून घेतलं, पण पेल्याचा आवाज येतच होता. अव्वा उठून बाहेर व्हरांड्यात गेली. तिच्या पिशवीत खडीसाखर होती आणि तिला स्वतःचा भरवसा वाटत नव्हता. जाताना तिनं पिशवी सिद्धरामच्या हातात दिली.

शेवटी शिवांशनं आपलं नेहमीचं काढलं. बापाच्या मांडीवर उभा राहिला, दोन्ही हातांनी त्याचे गाल धरले आणि विचारलं, "अप्पा, रडू का?"

इतके दिवस या प्रश्नाला एकच उत्तर होतं. पोर वाट बघत होतं, ओठ अजून काढलेलाच होता.

"रड," सिद्धराम म्हणाला.

शिवांशला ते कळलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं. सिद्धरामनं पुन्हा तेच सांगितलं आणि त्याला छातीशी घेतलं. मग तो रडला. सुरुवातीला थोडं खोटं आणि मग खरं, भुकेचं, घशातून येणारं. सिद्धरामनं तळहात त्याच्या जांघेवर ठेवला होता. हाताखाली ती गाठ वर येत होती, त्याला कळत होतं. तो नुसता हात ठेवून बसून राहिला. सिस्टर आली, तिनं बघितलं, मऊ आहे म्हणाली, काळजी करू नका म्हणाली आणि गेली.

दुपार कलताना त्यांना बोलावलं. आत नेण्याआधी हाताला सलाईनची सुई लावायची होती. ती खोली लहान होती, मधोमध टेबल आणि वर पांढरा दिवा. मंजुषा दारातूनच मागं फिरली. ती म्हणाली की मला जमणार नाही, तुमी जावा, तुमचं तर रोजचंच काम हाय. तिनं ते टोचून म्हटलं नव्हतं. तिला खरंच तसं वाटत होतं, आणि सिद्धरामलाही दारातून आत जाईपर्यंत तसंच वाटत होतं.

सिस्टरनं शिवांशला टेबलावर निजवलं आणि म्हणाली, "बाबा, हात धरा. हलू देऊ नका."

त्यानं धरला. एका हातानं कोपर, दुसऱ्या हातानं मनगट. सुई जवळ आली. पोरानं सुईकडं बघितलंच नाही. ते सगळा वेळ बापाच्या तोंडाकडं बघत होतं. आणि ओरडलं नाही, अगदी हळू आवाजात, बापाला विसर पडलाय आणि आपण आठवण करून द्यावी तसं म्हणालं, "अप्पा, सोड."

सिद्धरामची बोटं ढिली पडली. हात हलला, सुई निसटली, पांढऱ्या चादरीवर रक्ताचे थेंब पडले. शिवांशनं किंकाळी फोडली. सिस्टर रागावली नाही. तिनं कापूस दाबून धरला आणि सांगितलं की शीर गेली, आता दुसऱ्या हाताला बघू, पण या वेळी नीट धरा, नाहीतर उगीच पोराला पुन्हा पुन्हा टोचावं लागेल.

या वेळी त्यानं नीट धरला. जसा दवाखान्यात धरतो तसाच, जोर न लावता आणि न सोडता. आणि नकळत, सवयीनं, तो ते पुटपुटायला लागला. खाली वाकून, पोराच्या कानाशी. शिवांशचं अंग क्षणभर सैल पडलं. हा आवाज त्याच्या झोपेचा होता. या आवाजावर तो रोज डोळे मिटायचा. त्यानं मिटलेही असते. तेवढ्यात सुई आत गेली.

शिवांशचे डोळे उघडे राहिले. तो ओरडला, पाय झाडले, पण सिद्धरामच्या लक्षात राहिलं ते त्याआधीचं. पोरानं एकदा सुईकडं बघितलं, एकदा बापाकडं, आणि तोंड फिरवलं.

"छान धरलंत," सिस्टर म्हणाली.

पुढं सगळं भराभर झालं. हिरवे कपडे घातलेल्या बाईनं पोराला उचललं. त्यानं आईसाठी हात पसरले, बापासाठी नाही. दार झुललं आणि बंद झालं. आतून रडणं ऐकू आलं, मग आणखी एक दार बंद झालं असावं, कारण ते एकदम थांबलं.

व्हरांड्यात खुर्च्या होत्या, पण सिद्धराम उभाच राहिला. त्याला आपले हात कुठं ठेवावे कळेना. मागं बांधले, खिशात घातले, मग बेसिनपाशी जाऊन धुतले. अव्वा गळ्यातल्या इष्टलिंगावर हात ठेवून शिवा, शिवा म्हणत होती. मंजुषा दाराकडं तोंड करून बसली होती. मधेच देवणीहून दवाखान्याच्या डॉक्टरांचा फोन आला. अमुक औषधाचा खोका कुठं ठेवला आहे ते विचारत होते. सिद्धरामनं ऐकलं, हाव म्हणाला आणि फोन ठेवला. पुन्हा फोन आला. त्या खोक्याची जागा त्याला ठाऊक होती, ती तर रोज त्याच्या हाताखालची होती, पण आठवेना. शेवटी मंजुषानं फोन घेऊन डॉक्टरांना सांगितलं की शिवांश आत आहे.

अर्धा तास केव्हाच होऊन गेला. दार दोनदा उघडलं. दोन्ही वेळा तिघं पुढं सरकली आणि दोन्ही वेळा कुणी वेगळंच बाहेर आलं, एकदा ट्रे घेऊन, एकदा फोनवर बोलत. कुणाला विचारावं तर काय विचारावं हेही कळत नव्हतं. दवाखान्यात शेतकरी त्याला असंच विचारायचे, खोड्याच्या बाहेर उभं राहून, की सिद्रामअप्पा, अजून किती येळ. तो न वळता सांगायचा की होईल आता. ते ऐकून त्या माणसांचं काय समाधान होत असेल याचा त्यानं कधी विचार केला नव्हता. आता तसं कुणी खोटंच सांगितलं असतं तरी त्याला चाललं असतं.

डॉक्टर अमरनाथ बाहेर आले ते टोपी काढत. झालं म्हणाले, छान झालं. ऑपरेशन ठरल्याप्रमाणेच झालं, पण रडून रडून त्याच्या नाकाघशात चिकटा साठला होता, म्हणून भूल सावकाश द्यावी लागली, त्यात वेळ गेला. टाके आतल्या आत विरघळणारे आहेत, काढायला नकोत. अव्वानं त्यांच्या पायाला हात लावायला वाकायचा प्रयत्न केला तसे ते मागं सरले. मंजुषा खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. सिद्धरामनं विचारलं की ते तान्हं बाळ कसं आहे. डॉक्टर म्हणाले की आजची रात्र जाऊ दे, उद्या सांगता येईल.

शिवांशला खाटेवर आणलं तेव्हा त्याचा चेहरा सुजला होता आणि ओठ कोरडे होते. शुद्धीवर येताना तो वेगळाच झाला. डोळे उघडे, पण नजर कुणावर नाही. लाथा मारत होता, सुईची पट्टी ओढत होता, आईलासुद्धा ओरबाडत होता. सिस्टर म्हणाली की भूल उतरताना लहान मुलांना असं होतं, थोड्या वेळानं थांबेल, फक्त हात धरून ठेवा, सुई निघायला नको. ती सिद्धरामकडं बघत होती. सिद्धराम जागचा हलला नाही. मग मंजुषानंच पोराला मांडीवर आडवं घेऊन दोन्ही हात धरून ठेवले, आणि ते शांत होईपर्यंत ती घामानं भिजली.

संध्याकाळी शिवांश पाणी प्यायला, मग दूध प्यायला आणि सरळ बोलायला लागला. त्यानं मामा कुठं आहे विचारलं, पोहे मागितले. सिद्धराम खाटेच्या पायथ्याशी उभा होता. तो पुढं होऊन केसांवरून हात फिरवायला गेला, तसं पोरानं अंग चोरलं आणि आईच्या कुशीत तोंड घातलं.

"अप्पा नको," तो म्हणाला. "अप्पानं धरलं."

मंजुषानं समजावलं की अरे, तुला बरं व्हायचं होतं म्हणून धरलं. अव्वानं समजावलं. सिद्धरामनं काही समजावलं नाही. ते समजावून कळण्यातलं नाही हे त्याच्याइतकं तिथं कुणाला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली. निघताना मंजुषानं सिस्टरला त्या तान्ह्या बाळाबद्दल विचारलं. ते तगलं होतं. त्याची आई काचेतून आत बघत उभी होती.

देवणीत आल्यावर सिद्धरामनं चार दिवस रजा काढली, पण रजेत त्याला करायला काही नव्हतं. पोराला उचलायचं, पट्टी कोरडी ठेवायची, भरवायचं, ते सगळं मंजुषा आणि अव्वा करत होत्या, कारण शिवांश त्याच्याकडं येत नव्हता. भांडत नव्हता, रडत नव्हता. बाप खोलीत आला की तो हातातलं खेळणं घेऊन आईच्या मागं जायचा, एवढंच. एकदा दुपारी पेंगुळलेला दिसला म्हणून सिद्धराम खाटेशी बसला आणि सवयीनं ते पुटपुटणं सुरू केलं. शिवांशनं दोन्ही हात कानांवर ठेवले. सिद्धराम उठून अंगणात गेला. त्या दिवसापासून त्यानं ते बंद केलं. मंजुषा आता पोराला गोष्ट सांगून झोपवते, कावळ्याची आणि मोराची, रोज थोडी बदलून.

"विसरंल तो," ती नवऱ्याला म्हणाली. "लहान हाय."

"हाव," सिद्धराम म्हणाला.

दाखवायला पुन्हा लातूरला जायचं होतं. डॉक्टरांनी जखम पाहिली. जांघेच्या घडीत लपून जाईल अशी एक बारीक रेघ होती, बाकी काही नाही. त्यांनी पोराला उड्या मारायला सांगितल्या आणि त्यानं मारल्या. आता धावू दे, पडू दे, रडू दे, सगळं चालतं, असं म्हणून त्यांनी त्याच्या पायाचा अंगठा हलवला. शिवांश त्यांच्याकडं बघून हसला. सुरी लावणाऱ्या माणसाशी त्याचं काही वाकडं नव्हतं.

बसस्टँडवर देवणीची गाडी लागायला आणि गर्दी उसळायला एकच गाठ पडली. मंजुषा जागा धरायला पुढं घुसली. जाताना तिनं शिवांशला सिद्धरामच्या शेजारी उभं केलं आणि म्हणाली की हलू नको. सिद्धराम त्याला हात लावायला धजला नाही. फक्त आपले पाय फाकवून असा उभा राहिला की धक्का आला तर आपल्याला बसावा. एका बाईचं गाठोडं पोराच्या डोक्याला घासून गेलं. कुणीतरी मोठ्यानं हाक मारली. शिवांशनं आई कुठं दिसते का बघितलं, ती दिसली नाही, आणि मग त्यानं मान वर करून हात उंच केले.

सिद्धरामनं त्याला उचललं. जखमेला धक्का लागू नये म्हणून हात खालून घेतला. पोरानं मान त्याच्या खांद्यावर टाकली नाही, ताठ बसून राहिलं आणि आईच्या खिडकीकडं बघत राहिलं, पण त्याची मूठ बापाच्या कॉलरवर होती.

गाडीत मंजुषाला खिडकीची जागा मिळाली होती. शिवांश लगेच तिच्याकडं गेला नाही. गाडी शहराबाहेर पडेपर्यंत बापाच्या मांडीवर राहिला आणि बाहेर बघत राहिला. मग एकाएकी त्यानं विचारलं, "अप्पा, त्या दवाखान्यात परत जायचं का?"

"न्हाई."

"कवाच न्हाई?"

मंजुषा मान हलवून खुणावत होती की हो म्हणून टाका. सिद्धरामला म्हणायचं होतं. पण पुढं या पोराला काय होईल, कुठं न्यावं लागेल, आणि तेव्हा त्याचा हात धरायला कुणाला बोलावतील, यातलं काहीच त्याच्या हातात नव्हतं.

"आता तरी न्हाई," तो म्हणाला.

शिवांशनं त्यावर थोडा विचार केला. मग तो बापाच्या गुडघ्यावरून उतरला, आईच्या मांडीवर चढला आणि तिनं पिशवीतून काढलेला केळ्याचा तुकडा खायला लागला. अर्धा खाऊन झाल्यावर उरलेला त्यानं मागं न बघता सिद्धरामच्या हातात दिला.

सिद्धरामनं तो खाल्ला.